सपोर्टला नवीन पोरगं घेतलंय? पहिल्या तीन महिन्यात काय शिकवायचं

आपल्याकडे आयटी सपोर्टला येणारी बरीच मुलं डिप्लोमा नाहीतर बीएससी आयटी करून, किंवा हार्डवेअर नेटवर्किंगचा छोटा कोर्स करून येतात, बदलापूर, विरार, नालासोपाऱ्याहून लोकल पकडून अंधेरीला नाहीतर ऐरोलीला पोचतात, आणि पहिल्याच दिवशी आपण त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवतो, म्हणतो कॉल घे, शिकशील हळूहळू. असं कोणी शिकत नाही. पोरगं घाबरायला मात्र शिकतं, आणि घाबरलेलं पोरगं दोन गोष्टी करतं, एकतर सगळ्यांना रीस्टार्ट करायला सांगतं नाहीतर सगळी तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, वरच्याकडे ढकलतं. इतकी वर्षं टीम सांभाळून माझं मत पक्कं झालंय की सुरुवातीला उत्तरं पाठ करून घेऊच नका, आधी विचारायला शिकवा. उत्तरं गुगलवर पण मिळतात, पण समोरच्याला नेमकं काय विचारायचं ते कळलं नाही तर गुगलमध्ये टाकणार काय?

पहिला आठवडा कॉल द्यायचेच नाहीत. चांगल्या सिनियरच्या शेजारी बसवा, दुसरा हेडफोन लावून ऐकू द्या, आणि वहीत फक्त सिनियरने विचारलेले प्रश्न लिहायला सांगा, उत्तरं नकोत. संध्याकाळी वही घेऊन बसा. दोन तीन दिवसात त्यालाच दिसतं की प्रॉब्लेम कुठलाही असो, प्रश्न बरेचसे तेच आहेत. कधीपासून होतंय, काल चालत होतं का, मधे काही बदललं का म्हणजे नवीन पासवर्ड, अपडेट, जागा बदलली वगैरे, स्क्रीनवर नक्की काय लिहून आलंय ते वाचून दाखवा किंवा फोटो पाठवा. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, फक्त तुमचंच बंद आहे की शेजारच्यांचं पण? या एका उत्तरावर कळतं की एका मशीनच्या मागे लागायचं की फ्लोअरचा नेटवर्क स्विच, म्हणजे सगळ्यांच्या केबल जिथे जोडतात तो डबा, बघायचा.

दुसऱ्या आठवड्यात प्रॅक्टिससाठी एक जुनं मशीन द्या. ऑफिसच्या स्टोअरमध्ये पडलेलं असतंच, नसेल तर लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड डेस्कटॉप आणि साधा राऊटर मिळतो, ह्याचा पैसा कंपनीने द्यावा, पोराच्या खिशातून नको. मग तुम्ही मुद्दाम बिघाड करायचे आणि त्याने शोधायचे. केबल अर्धी बाहेर काढून ठेवा. राऊटरचं डीएचसीपी (मशीनला नेटवर्कचा पत्ता वाटून देणारी सोय) बंद करा, म्हणजे आयपीकॉन्फिग ही कमांड मारल्यावर 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसेल, आणि हा पत्ता दिसला की मशीनला डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही, स्वतःच स्वतःला दिलाय, हे त्याच्या डोक्यात कायमचं बसेल. डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारा सर्व्हर, चुकीचा टाका. मशीनची तारीख दोन वर्षं मागे न्या, बघा कशा साईट सर्टिफिकेटचा एरर द्यायला लागतात, हा बिघाड शोधायला नवीन मुलांना फार वेळ लागतो म्हणूनच तो द्यायचा. प्रिंट स्पूलर, म्हणजे प्रिंट रांगेत लावणारी विंडोजची सेवा, बंद करा. सी ड्राइव्ह गच्च भरून टाका.

नेटवर्कला मात्र एक क्रम लावून द्या आणि तो मोडू देऊ नका. आधी लाईट आणि केबल, मग पत्ता कुठला मिळालाय, मग गेटवेला (बाहेर जायचा दरवाजा, बहुतेक राऊटरच) पिंग, म्हणजे समोरून उत्तर येतं का ते बघायची कमांड, मग 8.8.8.8 ला (इंटरनेटवरचा गुगलचा पत्ता) पिंग, मग नावाने साईट उघडते का. आकड्याला पिंग जातो आणि नाव उघडत नाही तर संशय डीएनएसवर. गेटवेलाच जात नसेल तर बाहेरचं काही बघायची अजून गरज नाही. आणि हे पण आत्ताच सांगून ठेवा की बऱ्याच ऑफिसात फायरवॉल (नेटवर्कचा पहारेकरी) बाहेरचा पिंग अडवतो, त्यामुळे पिंग गेला नाही म्हणजे इंटरनेट बंद असं धरायचं नाही, शेजारच्या चालू मशीनवर तीच कमांड मारून ताडून बघायचं.

रीस्टार्टबद्दल वेगळं बसून सांगा. युजर म्हणतो मी बंद करून चालू केला, आणि तो खोटं बोलत नसतो. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आलंय, ते चालू असेल तर शटडाऊन केल्यावर विंडोजचा आतला भाग डिस्कवर सेव्ह होतो आणि चालू केल्यावर तोच परत उचलला जातो, खरी ताजी सुरुवात रीस्टार्टनेच होते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे अपटाइम दिसतो. तो बघायला शिकवा, म्हणजे युजरशी वाद घालायची वेळच येत नाही.

अकाउंट लॉकचं पण तसंच. सोमवारी मॅडमनी पासवर्ड बदलला, दुपारपर्यंत तीनदा लॉक, पोरगं तीनदा अनलॉक करतं आणि तीन तिकिटं बंद. कारण बऱ्याचदा मोबाईलमध्ये असतं, मेल किंवा वायफायला जुना पासवर्ड सेव्ह आहे आणि फोन तो परत परत पाठवतोय. म्हणून अनलॉक करताना लगेच विचारायचं, अजून कुठेकुठे लॉगिन आहात?

आता एक गोष्ट ज्यात मी अजिबात सवलत देत नाही. पासवर्ड रीसेट करण्याआधी माणूस तोच आहे का याची खात्री. फोनवर कोणी कितीही मोठा साहेब असो, ओरडत असो, फ्लाईट पकडायची असो, एचआरच्या रेकॉर्डमधल्या नंबरवर आपण उलटा फोन करायचा. 2025 मध्ये ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सरवर सायबर हल्ला झाला, ऑनलाईन ऑर्डर कित्येक आठवडे बंद राहिल्या, कंपनीने नफ्याला साधारण 30 कोटी पाउंडाचा फटका सांगितला, आणि त्यांच्या अध्यक्षांनी खासदारांच्या समितीपुढे सांगितलं की शिरकाव कोणाची तरी बतावणी करून झाला होता. हे पोराला सांगा, आणि त्याच्यासमोर स्पष्ट शब्द द्या की नियम पाळलास म्हणून कोणी तक्रार केली तर मी तुझ्या बाजूने उभा राहीन. हा शब्द न देता नियम शिकवला तर तो पहिल्या ओरड्यातच मोडतो. युजरचा पासवर्ड कधी विचारायचा नाही, डेस्कवर गेलात तर त्यांनाच टाइप करू द्यायचा आणि आपण मान फिरवायची. माउस हातात घेण्याआधी विचारायचं, उघडं काम सेव्ह करायला सांगायचं.

डेटाच्या बाबतीत एकच सवय लावा, डिलीट करण्याऐवजी नाव बदलून बाजूला ठेवायचं. आउटलुक बिघडलं की नवीन मुलं फाईल उडवायला धावतात. ओएसटी फाईल उडाली तर सर्व्हरवरून परत बनते, पण पीएसटी ही कदाचित त्या माणसाच्या दहा वर्षांच्या मेलची एकुलती एक प्रत असते. हा फरक पहिल्या महिन्यातच कळायला हवा. बिटलॉकर म्हणजे विंडोजची ड्राइव्ह कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करायची सोय, तिची 48 आकडी रिकव्हरी की कुठे ठेवलीय हे पण. 19 जुलै 2024 ला क्राऊडस्ट्राईक या सायबर सुरक्षा कंपनीच्या खराब अपडेटने जगभरातली साधारण 85 लाख विंडोज मशीनं पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, आणि सपोर्टवाल्यांना बरीच मशीनं एकेक करून सेफ मोडमध्ये नेऊन त्या अपडेटची खराब फाईल काढावी लागली, त्यात ड्राइव्ह एन्क्रिप्ट असेल तर की शिवाय पुढे जाताच येत नव्हतं.

तिकीट लिहिणं हे कंटाळवाणं वाटतं पण मी त्यावर खूप वेळ घालवतो. "इश्यू रिझॉल्व्ह्ड" असं लिहिलेलं तिकीट मी परत उघडतो. काय होत होतं, काय तपासलं, कशाने सुटलं, युजरने चालतंय म्हणून सांगितलं का, चार छोटी वाक्यं पुरतात. इंग्लिशची भीती असणारी मुलं असतात, मराठी मिडियमची तर हमखास, त्यांना सांगा आधी वहीत मराठीत लिही मग साध्या इंग्लिशमध्ये उतरव. बोलताना पण तेच, मुंबईत कॉल इंग्लिशमध्ये सुरू होतो, हिंदीत जातो आणि समोरचं आडनाव ऐकून मराठीत येतो, त्यात लाज कसली. साडेचारला कळवतो म्हटलं की साडेचारला फोन गेला पाहिजे, काम झालं नसलं तरी.

अडलं तर वीस मिनिटं स्वतः प्रयत्न, मग सिनियरकडे, पण हात हलवत यायचं नाही, काय होतंय, काय तपासलं आणि तुला काय वाटतंय हे तीन घेऊन यायचं. आणि त्याने विचारलं की सिनियरने कीबोर्ड ओढून घेऊन स्वतः ठीक करायचं नाही, हे सिनियरला सांगायची जबाबदारी तुमची.

दुसऱ्या महिन्यात प्रिंटर, पासवर्ड, नवीन जॉइनीचे लॅपटॉप एवढं स्वतंत्र द्या. जोरदार पावसात गाड्या बंद पडल्या आणि सगळे घरून काम करायला लागले की व्हीपीएनची (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सोयीची) तिकिटं धो धो येतात, त्या दिवशी पोराला एकटं सोडू नका, पण बाजूला बसवून दाखवा की एकसारख्या तक्रारी एका मोठ्या तिकिटाखाली कशा बांधायच्या. किती तिकिटं बंद केली यावर त्याला मोजू नका, नाहीतर ते अर्धवट बंद करायला शिकेल, किती परत उघडली ते बघा आणि दर शुक्रवारी त्यातली दोन चार एकत्र बसून वाचा.

तिसरा महिना संपता संपता पुढचं नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात ह्यालाच त्याच्या शेजारी बसवा, आणि समजावताना जिथे अडखळेल तेवढंच परत शिकवा.