सिम बेसबॉल लीग: मधल्या हंगामातले ट्रेड कसे जोखायचे

सिम बेसबॉल लीग म्हणजे पत्त्यांवर किंवा संगणकावर खेळायची बेसबॉलची लीग. तिथे ट्रेड, म्हणजे दोन टीममधली खेळाडूंची अदलाबदल, जाहीर झाला की तासाभरात निकाल लागलेला असतो. कुणी म्हणतं ‘उघड उघड लुटलं’, कुणी म्हणतं ‘दोघांचंही भलं झालं’, आणि एखादा हुशार दोन्ही बाजूंच्या खेळाडूंचं वॉर (फुकटात मिळणाऱ्या खेळाडूपेक्षा तो किती विजय जास्त देतो, हे सांगणारा आकडा) शेजारी शेजारी मांडून वजाबाकी करतो आणि मोकळा होतो. ही वजाबाकी मी स्वतः कित्येक हंगाम केली आहे. ती चुकीची आहे, आणि का चुकीची आहे हे कळायला मला एक चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, गमवावा लागला.

लीगची फाइल कशी उघडायची, आकडे कुठे असतात, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

ट्रेडच्या आदल्या दिवशीची फाइल जपून ठेवा

दोन्ही टीमचं रोस्टर (खेळाडूंची यादी), कोण कुठल्या जागी खेळतोय, कोण जखमी आहे, किती सामने उरलेत, हे सगळं त्या दिवशीचं हवं. नंतर आठवून लिहू नका. निकाल कळला की आठवण आपोआप सोयीची होते.

आकडे आणि कुवत वेगळी करा

स्ट्रॅट-ओ-मॅटिकसारख्या पत्त्यांच्या खेळात हे सोपं आहे. हॅल रिचमन यांनी १९६१ मध्ये तो बाजारात आणला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: फासे पडतात, निम्म्या वेळा बॅटरच्या कार्डावर उत्तर शोधायचं, निम्म्या वेळा पिचरच्या. कार्ड हंगामभर बदलत नाही. म्हणजे तुमच्या बॅटरने पहिल्या ९५ सामन्यांत फक्त .२१५ च्या सरासरीने मारलं असेल, तर फासे वाईट पडले, एवढंच. ‘त्याचा फॉर्म गेलाय’ म्हणून त्याला विकणारा गडी भेटला, तर वाद न घालता घ्या त्याच्याकडून.

आउट ऑफ द पार्कसारख्या संगणकी खेळात खेळाडूची कुवत दाखवणारी रेटिंग बदलतात, शिवाय ती तुमच्या स्काउटच्या चष्म्यातून दिसतात. तरीही चार महिन्यांच्या आकड्यांपेक्षा रेटिंगवर जास्त भरवसा ठेवा. आकडेच बघायचे असतील तर पिचरचा ईआरए (नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर लागलेले रन) बाजूला ठेवून स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बाद केलेले बॅटर), वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट दिलेला पहिला बेस) आणि होम रन बघा. बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूंवर लीगमधल्या बॅटरची सरासरी .३०० च्या आसपास असते. एखाद्या पिचरची .२५० दिसली, तर बहुतेक वेळा त्यात त्याचं कर्तृत्व कमी आणि फील्डर व नशीब यांचं जास्त असतं. क्रिकेटच्या सवयीने आपण सरासरीलाच चिकटतो. इथे ती सवय महागात पडते. आणि होम मैदान तपासाच. डेन्व्हरच्या उंचीवरचं, विरळ हवेतलं कूर्स फील्ड सगळ्यांना माहीत असतं, पण काल्पनिक लीगमध्येही प्रत्येक मैदानाला आपला पार्क फॅक्टर (तिथे रन किती वाढतात किंवा घटतात याचा आकडा) असतो आणि तो कुणी उघडूनही बघत नाही.

साखळी काढा: इथेच सगळे घसरतात

गेलेला खेळाडू आणि आलेला खेळाडू यांची एकमेकांशी तुलना करायचीच नसते. गेलेल्याच्या जागी आता कोण खेळतोय आणि आलेल्यामुळे कोण बाकावर गेला, हे बघायचं. म्हणजे तुलना दोन, आणि दोन्हींत एकेक असा माणूस असतो ज्याचं नाव ट्रेडच्या घोषणेत कुठेच नसतं.

माझाच ट्रेड घ्या. १६२ सामन्यांचा हंगाम, ९५ झालेले, ४८ विजय आणि ४७ पराभव. मला होम रन मारणारा लेफ्ट फील्डर हवा होता. दोन नंबरचा स्टार्टिंग पिचर (सामन्याची सुरुवात करणारा) देऊन मी तो आणला. वॉरच्या तक्त्यात दोघं जवळपास सारखे, त्यात बॅटर तीन वर्षांनी लहान. मी खूश.

आता साखळी. आधी पिचरची बाजू. उरलेले ६७ सामने म्हणजे पाच जणांच्या रोटेशनमध्ये, म्हणजे पाळीपाळीने सुरुवात करणाऱ्यांत, प्रत्येकी १३ स्टार्ट, सहा-सहा इनिंग धरल्या तर ७८ इनिंग. गेलेला पिचर नऊ इनिंगमागे ३.७ रन देणारा. त्याच्या जागी मायनर्समधून (खालच्या लीगमधून) जो वर आणला तो ५.२ वाला. फरक दीड रनाचा. ७८ भागिले ९, गुणिले दीड: १३ रन. खरं तर हा नवा पोरगा सहावी इनिंग क्वचितच बघायचा. राहिलेल्या इनिंग बुलपेनच्या (मागाहून येणाऱ्या बदली पिचरांच्या) शेपटाकडचे पिचर टाकायचे आणि त्यांचा दर्जाही त्याच्याइतकाच, म्हणून मी त्या वेगळ्या धरल्या नाहीत. मात्र तुमच्या खेळात पिचरचा थकवा मोजला जात असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या सामन्यालाही थोडी झळ बसते.

मग बॅटरची बाजू. नवा लेफ्ट फील्डर पूर्ण हंगामात सरासरी बॅटरपेक्षा २० रन जास्त देईल असा. माझा आधीचा लेफ्ट फील्डर, ज्याला मी ‘साधारण’ म्हणून हिणवत होतो, तो २ रन जास्त देणारा. फरक १८, पण पूर्ण हंगामाचा. ६७ सामन्यांत त्यातले साधारण साडेसात. आणि बाकावर गेलेला जुना खेळाडू फील्डिंगला सरासरी होता, तर नवा पूर्ण हंगामात ८ रन घालवणारा. ६७ सामन्यांत सव्वातीन रन गेले. हाती उरले चार.

अधिक ४, उणे १३. म्हणजे उणे ९. दहा रनांना ढोबळ एक विजय धरतात, म्हणजे ज्या ट्रेडवर मी आठवडाभर मिरवत होतो त्याने मला जवळपास एक विजय कमी केला. वॉरची वजाबाकी हे दाखवू शकली नाही, कारण वॉर प्रत्येक खेळाडूची तुलना कुणालाही फुकटात मिळेल अशा खेळाडूशी करतं. माझ्या डाव्या कोपऱ्यात फुकटातला खेळाडू नव्हताच, बरा होता. फुकटातला होता तो सहाव्या क्रमांकाचा पिचर, आणि त्यालाच मी मैदानात उतरवलं.

या टप्प्यावर तीन गोष्टी सांभाळा.

जागा बदलत गेल्या तर साखळी शेवटपर्यंत न्या. नवा शॉर्टस्टॉप आला, जुना सेकंड बेसला सरकला, सेकंड बेसमन बाकावर गेला. तर बॅटिंगमध्ये तुम्ही शॉर्टस्टॉप नव्हे, सेकंड बेसमन बदललात. फील्डिंग मात्र दोन्ही जागी वेगवेगळी मोजा, कारण शॉर्टवर चांगला असलेला प्रत्येक जण सेकंडला तेवढाच चांगला असेल असं नाही.

फील्डिंग दोनदा मोजू नका. लेफ्ट फील्डरने सोडलेले चेंडू त्याच्या खात्यावर टाकलेत, तर त्याच चेंडूंमुळे फुगलेला पिचरचा ईआरए पुन्हा पिचरच्या खात्यावर टाकू नका. पिचरसाठी रेटिंग किंवा स्ट्राइकआउट-वॉक-होम रनवर आधारलेला आकडाच घ्या.

आणि दोन साधारण खेळाडू मिळून एक मोठा खेळाडू होतो, हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. तीन देऊन एक घेतला, तर रिकाम्या झालेल्या दोन जागांवर कोण येणार, हे साखळीत लिहावं लागतं. तीन घेऊन एक दिला, तर २६ जणांच्या रोस्टरमधून दोघांना काढावं लागतं. ते दोघं कोण, हे ट्रेड करणाऱ्याने बहुतेक वेळा ठरवलेलंच नसतं.

नंतरचे विजय-पराभव बघताना

त्या ट्रेडनंतर माझी टीम ४०–२७ खेळली. ८८ विजयांवर हंगाम संपला, प्लेऑफ (बाद फेरी) मिळालं. सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि तोवर साखळी मांडलेली नव्हती म्हणून मीही थोपटून घेतली. मग त्या ६७ सामन्यांचे रन मोजले: केलेले ३१०, दिलेले ३०५. बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांचं साधं सूत्र लावा: केलेल्या रनांचा वर्ग, भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. उत्तर येतं .५०८, म्हणजे ६७ पैकी ३४ विजय. उरलेले सहा कुठून आले? एका रनाच्या सामन्यांत आम्ही १६–५ होतो. बाकी सगळे सामने धरले तर २४–२२. एका रनाचे सामने लेफ्ट फील्डर जिंकून देत नसतो.

म्हणून ‘ट्रेडच्या आधी इतके, नंतर इतके’ हा तक्ता मी आता काढतच नाही. रन बघतो.

संगणकी खेळात एक मोह होतो: जपलेली फाइल उघडायची, ट्रेड रद्द करायचा आणि उरलेला हंगाम पुन्हा सिम करायचा. कल्पना चांगली आहे, पण एकदा सिम करून निष्कर्ष काढणं म्हणजे एक फासा टाकून तो भरलेला आहे की नाही हे ठरवणं. बरोबरीच्या टीमचे ६७ सामन्यांतले विजय निव्वळ नशिबाने चार-चार इकडे तिकडे होतात. ट्रेडसह वीस आणि ट्रेडशिवाय वीस वेळा सिम केलंत, तरी दोन सरासऱ्यांमधल्या फरकात सव्वा विजयाची धूसरता उरते. आपण तर एका विजयाचा फरक शोधतोय! शंभर-शंभर वेळा केलंत तर ती अर्ध्या विजयाच्या जरा वर येते. रात्रभर संगणक चालू ठेवायची तयारी असेल तर जरूर करा. नाहीतर कागदावरची साखळी पुरते. प्रत्येक सिमआधी जखमींची यादी आणि लाइनअप आपोआप बदलत नाही ना, तेही बघा. माझ्या एका प्रयोगात संगणकाने स्वतःच नवा लेफ्ट फील्डर फर्स्ट बेसला टाकला होता आणि हे मला साठ सिमनंतर कळलं.

पुढची वर्षं वेगळ्या रकान्यात

यंदाचा हिशेब एका रकान्यात, पुढच्या वर्षांचा दुसऱ्यात. त्यांची बेरीज करू नका. याचं शाळेतलं उदाहरण म्हणावं असा ट्रेड खऱ्या मेजर लीगमधला आहे. १२ ऑगस्ट १९८७ ला डेट्रॉइट टायगर्सनी अटलांटाकडून डॉइल अलेक्झांडर हा अनुभवी पिचर घेतला आणि बदल्यात मायनर लीगमधला वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ दिला. (ऑगस्टमध्ये असे ट्रेड तेव्हा वेव्हर्समधून, म्हणजे आधी इतर टीमना खेळाडू मागायची संधी देऊन, होत. २०१९ पासून तो रस्ता बंद आहे. तुमच्या लीगमध्ये डेडलाइन कधी आहे ते नियमात बघा.) अलेक्झांडरने ११ स्टार्टमध्ये ९–० आणि १.५३ ईआरए दिला. स्मोल्ट्झ पुढे २१३ विजय आणि १५४ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी टिकवलेले सामने) घेऊन २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

लोक याला मूर्खपणा म्हणतात. मी म्हणत नाही. टायगर्सनी त्या वर्षी टोरोंटोला अवघ्या दोन सामन्यांनी मागे टाकून डिव्हिजन जिंकली. अलेक्झांडरशिवाय ती हातून गेली असती. पुढच्या फेरीत मिनेसोटाकडून हरले, ही गोष्ट वेगळी. पहिला रकाना घसघशीत अधिक, दुसरा भयानक उणे, आणि दोन्ही खरे.

त्यातूनच दुसरं माप निघतं. ट्रेडच्या दिवशी टीम कुठे होती? ८७ विजयांकडे चाललेल्या टीमला एक जादा विजय प्लेऑफमध्ये नेऊ शकतो. ७० च्या टीमला तो विजय फक्त ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या क्रमात) खाली ढकलतो.

होतकरू पोरांच्या रेटिंगवर मात्र काट मारा. आउट ऑफ द पार्कमध्ये टॅलेंट चेंज रँडमनेस नावाचं सेटिंग आहे; ते जितकं वर, तितकं आजच्या ‘पोटेन्शियल’ला कमी किंमत द्या. अठरा वर्षांच्या पिचरवर सर्वांत जास्त काट, चोविशीच्या बॅटरवर सर्वांत कमी.

समोर माणूस होता की संगणक?

संगणकाशी केलेल्या ट्रेडला मी अर्धेच मार्क देतो. ट्रेड किती कठीण ठेवायचे आणि संगणकाचा कल अनुभवींकडे असावा की होतकरूंकडे, हे सेटिंग्जमधून ठरतं. कल होतकरूंकडे असेल, तर तीन पोरांच्या बदल्यात चांगला शॉर्टस्टॉप मिळणं हे कसब नाही, ती फट आहे.

शेवटी कागदावर तीन ओळी लिहा: साखळीतून आलेले यंदाचे रन, पुढच्या वर्षांचा रकाना, आणि ट्रेडच्या दिवशीची टीमची जागा. तारीख टाका. माझ्या त्या ट्रेडच्या कागदावर पहिल्या ओळीत ‘उणे ९’ आहे. दुसऱ्या ओळीत लेफ्ट फील्डरचा चार वर्षांचा करार आहे, आणि त्यातलं पहिलंच वर्ष संपत आलं असताना त्याचं फील्डिंग रेटिंग आणखी पाच गुणांनी घसरलं आहे. ती ओळ मी दर वर्षी पेन्सिलने दुरुस्त करणार आहे.