डीपी जळाली की आधी पंप मोजा

माझी पहिली नेमणूक यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ३३/११ केव्ही उपकेंद्रावर झाली. वीज मंडळाच्या कंपन्या २००५ साली झाल्या, पण गावात मी 'बोर्डाची बाई'च. पहिल्याच आठवड्यात एक काका आले, इकडेतिकडे बघत म्हणाले, "बाई, सायेब कवा येतीन?" मला ए. ललिता आठवल्या. १९४३ साली मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी कॉलेजातून वीज अभियंता झाल्या, तेव्हा त्यांच्या पदवीपत्रावरचा छापील 'तो' खोडून 'ती' करावं लागलं होतं. मी खुर्ची पुढे केली.

काकांच्या शिवारातली १०० केव्हीएची डीपी, म्हणजे पंपांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, ऐन हरभऱ्याच्या पाण्यात महिनाभरात दोनदा जळाली. दोन्ही वेळा कागद रंगवून मी ती बदलून दिली. चूक माझीच. तिसऱ्यांदा लाईनमन म्हणाला, "मॅडम, राती चाला."

टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा, घेऊन गेलो. या डीपीची एलटी, म्हणजे पंपांकडची कमी दाबाची बाजू साधारण १३३ अँपिअरची, पाच एचपीची मोटर सात-साडेसात ओढते. म्हणजे अठराएक पंप. आम्ही मोजले सत्तावीस, आणि बहुतेकांना ऑटो, म्हणजे वीज येताच मोटर आपोआप चालू करणारा स्विच. सप्लाय आला की सगळ्या मोटारी एकदम उठायच्या, तेही चालू करंटच्या पाच-सहा पट ओढत. फ्यूज उडायला हवा होता, पण किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या खाचेत, कुणीतरी ॲल्युमिनियमची तार पीळ देऊन बसवलेली. मग डीपीचं वाइंडिंगच जाणार.

मी ऐटीत सांगितलं, ऑटो काढा, मोटरचा करंट कमी करायला कपॅसिटर बसवा. काका म्हणाले, "कपॅसिटर बसवतो. पन ऑटो काढला तं राती दोनला मोटर कोन चालू करन? डुकरं हायेत वावरात." याला कॉलेजात उत्तर नव्हतं.

या कामात नवे असाल तर एक मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. फोनवर "लाईन बंद केली मॅडम" ऐकून कुणाला खांबावर चढवू नका. लाईन तोडणाऱ्या खांबावरच्या एबी स्विचची तिन्ही पाती उघडलेली स्वतः बघा, एखादं चिकटून राहतं. परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, हातात आलं तरी आधी लाईन जमिनीला जोडणारा डिस्चार्ज रॉड, मग माणूस. उशीर होतोय म्हणून लोक ओरडतील, ओरडू द्या.

जादा पंपांसाठी दुसरी डीपी मंजूर व्हायला पुढचा हंगाम उजाडला. तोवर ऑटोला टाइमर लावून घेतले, प्रत्येकाचा वेगळा, कुणाचा दहा सेकंदांवर, कुणाचा तीसवर. काकांचा नव्वदवर. भेटले की अजून विचारतात, "मॅडम, माह्याच नंबर शेवटी काहून?"