नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात निघताय? मग हे घ्या

डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर पहिलं स्वेटर काढा बरं का, नाशिकजवळच्या निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो तो काही उगाच नाही, कानटोपी आणि हातमोजे पण घ्या, फक्त भडक रंग नकोत, मातकट काहीतरी घाला. पायात बूटच हवेत. मी एकदा चप्पल घालून गेलेलो, बाभळीचा काटा आरपार, बाकीचे चित्रबलाक बघतायत आणि मी टॉवरच्या पायरीवर पाय धरून बसलोय.

दुर्बीण नसेल तर कोणाकडून तरी उसनी आणा, ८ बाय ४२ ची भरपूर झाली. कॅमेरा राहिला तर चालेल पण दुर्बिणीशिवाय सगळी बदकं म्हणजे नुसते काळे ठिपके. चापडगावला गावातलेच गाइड मिळतात, घ्याच, त्यांची नजर तयार असते. दिवस उगवायला तिथे पोचा, धुकं असलं तर वैतागू नका, थर्मासमधला चहा त्यासाठीच असतो.

गोदावरी-कादवाच्या संगमाजवळ बंधारा घातला, त्यामागे गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, बेटं तयार झाली, म्हणून तर एवढे पक्षी (२०२० मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रात पहिला). थापट्या बदक नीट बघा, चोच उलथन्यासारखी पसरट, दहा-बाराजण डोकं पाण्यात घालून गोल गोल फिरत बसतात, तळाचं खाणं ढवळून वर काढायचं आणि चोचीनं गाळून घ्यायचं. चक्रवाक, तलवार बदक पण दिसतील. कपाळावर पांढरा टिळा असलेले काळे ते वारकरी, नाव कोणी ठेवलं देव जाणे पण एकदम फिट्ट. ते सगळे एकदम पाण्यावरून पळायला लागले की वर बघा, भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, आलेला असतो.

फुलांसाठी मात्र मान खाली. पाणी ओसरलेल्या काळ्या मातीत गोरखमुंडीचे जांभळे गोंडे असतात, बोराएवढे, पान चुरगाळलं की उग्र वास येतो. तालीमखान्याच्या झाडाला हात लावू नका, फुलाशेजारीच काटे असतात. बेशरमाची फुलं दिसायला छान पण ते माजलेलं झुडूप आहे, त्याचे फोटो काढण्यात कार्ड भरू नका.

भाकरी-ठेचा घरूनच न्या, कचरा आणायला एक पिशवी, आणि जानेवारीअखेर जात असाल तर अजून एक मोठी, येताना रस्त्यावर द्राक्षं मिळतात.