टायमर आधी दुप्पट पळतो, मग कायमचा थांबतो (३२ बिट फ्लोट)

लक्षण असं: ॲनिमेशन सेकंदाला ६० फ्रेमवर मस्त चालतं, पण प्रोग्राम दिवसेंदिवस चालू ठेवला की झटके खायला लागतं, मग वेग जवळपास दुप्पट होतो आणि शेवटी सगळं जागीच गोठतं, एरर एकही नाही. डोकं फिरायची वेळ आली होती.

रीस्टार्टने तात्पुरतं बरं व्हायचं, ड्रायव्हर बदलून काहीच फरक नाही. टायमर म्हणजे दर फ्रेमचा वेळ फ्लोटमध्ये (३२ बिटांत ठेवलेला दशांश आकडा) मिळवत जाणं. ती बेरीज डबलमध्ये (६४ बिटांचा फ्लोट) केली तर वेग सुधारला पण झटके तसेच, कारण शेडरला (ग्राफिक्स कार्डवर चित्र रंगवणारा छोटा प्रोग्राम) जाताना तोच मोठा आकडा परत फ्लोट होत होता.

खरं कारण म्हणजे फ्लोटमध्ये २४ बिटांचीच अचूकता. टायमर २६२१४४ सेकंदांवर (साधारण ३ दिवस) पोचला की शेजारच्या दोन आकड्यांत ०.०३१२५ चं अंतर पडतं, त्यामुळे दर फ्रेमचे ०.०१६६७ सेकंद राउंड होऊन ०.०३१२५ होतात, म्हणून दुप्पट वेग! ५२४२८८ ला अंतर ०.०६२५, मग तेच मिळवलेलं राउंड होऊन शून्य.

चाललं ते असं, क्रम महत्त्वाचा. आधी फ्लोटमधली बेरीज काढून टाका, दर फ्रेमला सिस्टीमच्या मोनोटोनिक घड्याळातून (जे कधी मागे जात नाही) मायक्रोसेकंद ६४ बिट इंटिजरमध्ये घ्या. त्यातून सुरुवातीची वेळ वजा करा, इंटिजरमध्येच. मग ॲनिमेशन जितक्या वेळाने रिपीट होतं त्याने मॉड्युलो (म्हणजे भागून उरलेली बाकी; १० सेकंद असेल तर १००००००० ने), तोही इंटिजरमध्येच. आणि सगळ्यात शेवटी फ्लोट करून दहा लाखाने भागा, तेवढंच शेडरला द्या.

टेस्टला दिवस घालवू नका, सुरुवातीची वेळ ६००००० सेकंद मागे ढकला, जुना कोड असाच ६००००० पासून सुरू केला तर लगेच गोठलेला दिसतो.