वंशावळीतल्या बायका-पोरं शोधायचा कोर्स करायचाय? आधी माळ्यावरची पितळ काढा

आमच्या घरी कुलवृत्तांत आहे, चांगला जाडजूड, त्यात आमच्या शाखेचे पुरुष ओळीने उभे आहेत आणि बायका म्हणजे "पत्नी लक्ष्मी", बास. तीन पिढ्यांत तीन लक्ष्म्या. मुली काही ठिकाणी "दोन कन्या" एवढ्यावर उरकल्यात. म्हणून गेल्या वर्षी मी इंग्लंडमधला एक ऑनलाइन कोर्स केला, विषयच तो, घराण्यातल्या बायका आणि मुलं कशी शोधायची. इथे बडोद्यात दोघीतिघींनी विचारलं की कसा करायचा, तर एकदाच नीट लिहून टाकते.

पैसे भरायच्या आधी एक बाई ठरवा. एकच. "सगळं घराणं" डोक्यात घेऊन गेलात तर पाचव्या आठवड्यात नुसत्या पीडीएफ साठतात. माझी पणजी होती, आणि प्रश्न पण एकच, लग्नाआधी तिचं नाव काय. तिकडे लग्नानंतर बहुतेक आडनावच बदलतं हो, आपल्याकडे ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं की पहिलं नावही गेलं. रावपुऱ्यातला टॉवर चिमणाबाईंचा हे शेंबडं पोरही सांगेल, पण कुठल्या चिमणाबाईंचा? सयाजीरावांच्या दोन्ही राण्यांचं सासरचं नाव तेच. पहिल्या तंजावरच्या लक्ष्मीबाई, १८८५ मध्ये गेल्या, टॉवर त्यांच्या आठवणीचा, आणि दुसऱ्या देवासच्या गजराबाई. राजघराणं म्हणून एवढं तरी लिहिलेलं सापडतं, आपल्या पणज्यांचं कोण लिहून ठेवतंय.

कोर्स निवडताना तीन गोष्टी बघा. लाइव्ह क्लास असेल तर वेळ, कारण लंडनचे संध्याकाळचे सात म्हणजे आपले उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा, तेव्हा रेकॉर्डिंग मिळतं का ते आधी विचारा. दुसरं, असाइनमेंटला भारतातलं घराणं चालेल का, हे मेल करून विचारा, मला लगेच हो म्हणाले. तिसरं, फी पौंडात, तर कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार सुरू करून ठेवा, नाहीतर शेवटच्या दिवशी माझ्यासारखं नवऱ्याला ऑफिसातून उठवावं लागेल.

आता शिकवतात काय आणि आपल्या उपयोगाचं काय. जनगणनेवर मोठा भाग असतो, कारण इंग्लंडात १८४१ पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलेलं मिळतं. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार घराघरातली माहिती कुणाला बघायला मिळतच नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. पण तो धडा सोडूही नका. १९११ च्या त्यांच्या जनगणनेत लग्न झालेल्या बायकांना विचारलं होतं, मुलं किती झाली, किती जगली, किती गेली. हाच प्रश्न मी आत्याला विचारला आणि ती गप्पच झाली, मग म्हणाली दोन गेली होती गं, एकाचं तर बारसंही नव्हतं झालं. भावंडांच्या वयात चार-पाच वर्षांची फट दिसली की तिथे थांबा. आणि घराण्यात कुणी धोंडू, दगडू, भिकू असेल तर त्याच्या आधीची मुलं गेली असतील हे आपल्याला कुठल्याही कोर्सशिवाय कळायला हवं, दृष्ट लागू नये म्हणून असली नावं ठेवायचे. ट्यूटरबाईंना हे सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं, मला जाम भारी वाटलं.

दुसरा कामाचा धडा म्हणजे बाई तिच्या नावावर शोधू नका, तिच्या भोवतीच्या माणसांच्या कागदात शोधा. भाऊ, मामा, दीर, शेजारी. याला ते फॅन (FAN) क्लब म्हणतात, म्हणजे फ्रेंड्स, असोसिएट्स, नेबर्स, आपले मित्र, ओळखीचे, शेजारी. इंग्लंडात १८८२ चा कायदा येईपर्यंत लग्न झालेल्या बाईची मिळकत बहुतेक नवऱ्याच्याच ताब्यात, मग कागदावर ती दिसणार कुठे. आपलंही फार वेगळं नाही, पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख बायका मतदार यादीतून गळल्या कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता "अमक्याची बायको" नाहीतर "तमक्याची मुलगी" एवढंच सांगितलं.

घरचा अभ्यास पितृपक्षात करा, सगळ्यात सोपं. तर्पणाला आई, आजी, पणजी अशी तीन नावं घेतात, आईच्या माहेरच्या बायकांचीही घेतात, फोनवर रेकॉर्ड करा. नावापुढचा "दा" काढून टाका, माझ्या मामेभावाने सॉफ्टवेअरमध्ये "लक्ष्मीदा" भरून ठेवलं होतं. अविधवा नवमीला जिच्या नावाने सवाष्ण जेवते ती नवऱ्याच्या आधी गेली, हे पण तिथेच कळतं. अर्थात ही सगळी सासरची नावं.

माहेरचं नाव शाळेत सापडेल असं मला वाटलं. बडोदा राज्यात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं, मुलींनाही, आणि पणजी साधारण १९०० ची, म्हणजे रजिस्टरात असायलाच हवी ना. एका जुन्या शाळेत ओळख काढून तीन दुपारी बसले, धुळीने शिंका, आणि तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं की मी लक्ष्मी शोधतेय, आणि तेही आमच्या आडनावाने! शाळेत ती बापाच्या नावाने असणार. तुम्ही असं करू नका. जन्मनोंदीतही तेच, बारशाआधीची नोंद असेल तर नावाचा रकाना कोरा असू शकतो, तेव्हा बापाच्या नावाने आणि तारखेने जा.

शेवटी नाव कुठे मिळालं तर माळ्यावर. दिवाळीच्या साफसफाईत एक पितळी घंगाळ निघालं, आई मोडीत द्यायला निघाली होती. काठ काळा पडलेला, चिंच-मीठ लावून घासला तर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली, "चि. सौ. कां. कृष्णा हीस, मामाकडून, नवसारी, शके १८३५". चि. सौ. कां. म्हणजे अजून माहेरचंच नाव. शकात ७८ मिळवा, जानेवारी लागल्यानंतरची तिथी असेल तर ७९, म्हणजे १९१३ नाहीतर १९१४ सुरुवात. मी दहा मिनिटं ते घंगाळ मांडीवर घेऊन बसले होते, साडीला काळं लागलं ते वेगळंच.

मी लगेच ट्यूटरबाईंना लिहिलं की मामाने भांडं दिलंय म्हणजे बाप आधीच गेला असणार, मुलगी मामाकडेच वाढली. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे मामा एरवी काही देत नाही का? देतो की, मुलगी मांडवात आणतोही तोच! तेवढं वाक्य मी असाइनमेंटमधून काढून टाकलं.

पण नवसारी बडोदा राज्यातच होतं, सक्तीचं शिक्षण तिथेही होतं. आता मामाचं आडनाव काढायचंय, आणि मग तिथल्या जुन्या मुलींच्या शाळेत कृष्णा शोधायची, या वेळी बापाच्या नावाच्या रकान्यातनं.