अख्खा मसूर शिजवता शिजवता तारणाबद्दल उपकारस्तुती कशी करायची

तारणाबद्दल, म्हणजे प्रभू येशूमुळे पापातून झालेल्या सुटकेबद्दल, देवाचे आभार मानायचे हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं, रविवारी उपासनेत आपण मानतोही, पण सोमवार ते शनिवार काय? जेवणाआधीची प्रार्थना इतकी पाठ झालेली असते की "या अन्नाबद्दल धन्यवाद, आमेन" आणि लगेच हात ताटात. म्हणून आमच्या घरी जी पद्धत चालते ती सांगते. आठवड्यातला एक दिवस ठरवायचा, त्या दिवशी अख्खा मसूर करायचा, आणि तो शिजायला जो वेळ लागतो त्यातच बायबलमधलं वचन, आठवण आणि प्रार्थना बसवायची, वेगळा वेळ काढायची गरजच नाही.

मसूरच का, तर बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या 25व्या अध्यायामुळे. थोरला भाऊ एसाव रानातून दमूनभागून येतो, धाकटा याकोब मसूर शिजवत बसलेला असतो, आणि एसावाला भूक एवढी लागलेली की भाकरी आणि मसुरीसाठी तो आपला ज्येष्ठत्वाचा हक्क देऊन टाकतो. पुढे काय, तर खातो, पितो, उठतो आणि चालायला लागतो. मला या गोष्टीत हेच सगळ्यात जास्त लागतं, ते उठून चालायला लागणं. बायबलमधल्याच इब्री लोकांच्या पत्रात, 12व्या अध्यायातही याच एका जेवणाची आठवण देऊन आपल्याला सावध केलंय. आपल्याला तर अनमोल गोष्ट फुकट मिळालीय, प्रभू येशूने वधस्तंभावर तिची किंमत भरली, आणि तरी आपणही जेवून उठतो आणि आपल्या कामाला लागतो.

आता कृती. चार माणसांना एक मोठी वाटी, साधारण 200 ग्रॅम अख्खा मसूर घ्या, सालीसकट असतो तो, केशरी डाळ नको कारण ती विरघळून जाते आणि मग ती आमटी होते. निवडा, धुवा, दोन-तीन तास भिजत ठेवा. या वेळात मसुरीसाठी करण्यासारखं काहीच नसतं, म्हणून इथेच इफिस 2:8-9 वाचायचं, कृपेने विश्वासाच्या द्वारे तारण झालंय, आपल्या कर्मांनी नाही, हे देवाचं दान आहे. हे आधी वाचायचं कारण असं की आपली उपकारस्तुती पटकन परतफेडीकडे वळते, म्हणजे मी इतकी प्रार्थना केली, इतकं दान दिलं, चला हिशोब झाला. तसं नाहीये ते. स्तोत्र 116 मध्ये विचारलंय की परमेश्वराच्या सगळ्या उपकारांचा मी कसा उतराई होऊ, आणि उत्तर काय येतं, तर मी तारणाचा प्याला हातात घेईन. म्हणजे अजून घेईन! हे वाचून मला दर वेळी हलकं वाटतं.

भिजलेला मसूर चार वाट्या पाणी, पाव चमचा हळद आणि थोडं तेल घालून उघड्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवा. दाणा बोटात दाबला तर दबला पाहिजे पण अख्खा दिसला पाहिजे. कुकर लावणार असाल तर एक-दोन शिट्ट्या बास. टोमॅटो आत्ता घालू नका, आंबटपणामुळे दाणे शिजायला फार वेळ लागतो. आणि शिजलेलं पाणी फेकू नका, चव त्यात असते.

आता कांदा, आणि खरी उपकारस्तुती इथेच होते. दोन मोठे कांदे अगदी बारीक चिरून, तीन-चार मोठे चमचे तेलात जिरं-हिंग तडतडलं की मध्यम आचेवर चांगले तांबूस होईपर्यंत परता, दहा-बारा मिनिटं लागतात, घाई केली तर रश्श्याला गोडवा येत नाही. हात चालू असतात, मन मोकळं असतं. "सगळ्यासाठी धन्यवाद प्रभू" असं म्हणू नका, नावं घेऊन बोला. स्तोत्र 103 बघा, देव क्षमा करतो, बरं करतो, गर्तेतून जीव सोडवतो, एकेक वेगळं सांगितलंय. तसंच तुम्ही पण सांगा, मला येशूची सुवार्ता पहिल्यांदा कोणी सांगितली, कुठल्या गोष्टीतून प्रभूने मला बाहेर काढलं, कुठलं पाप क्षमा झालंय तरी मी ते अजून उराशी धरून बसलेय. हे शेवटचं नक्की बोला, मोठ्याने नाही तर मनात.

मग एक मोठा चमचा आलं-लसूण पेस्ट, दोन टोमॅटो आणि मीठ घालून तेल सुटेपर्यंत परता, दोन चमचे कांदा-लसूण मसाला घाला (कराड-कोल्हापूर पट्ट्यातल्या ढाब्यांवरची चव हवी असेल तर तोच हवा, नसेल तर लाल तिखट, गरम मसाला आणि भाजलेलं सुकं खोबरं वाटून चालेल), मसूर पाण्यासकट घाला, लागेल तसं गरम पाणी, आणि बारीक आचेवर दहा मिनिटं. या दहा मिनिटांत गा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि आपल्याला अभंगाच्या चालीवरची केवढी भक्तिगीतं दिली, त्यातलं एखादं पाठ असतंच ना, तेच म्हणा, मुलांनाही बोलवा.

काही दिवस असे असतात की आभार मानावेसेच वाटत नाहीत, घरात आजारपण, नोकरी गेलेली. तेव्हा खोटं हसू आणू नका. हबक्कूक 3 वाचा, अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी हबक्कूक संदेष्टा म्हणतो की मला तारणाऱ्या देवामुळे मी आनंद करीन. पीक नाही हे त्याने लपवलेलं नाहीये.

वरून कोथिंबीर, सोबत भाकरी किंवा रोटी, कच्चा कांदा, लिंबू. जेवणाआधी छोटी प्रार्थना करा, पण मोठी प्रार्थना जेवणानंतर ठेवा. अनुवाद 8:10 मध्ये तेच सांगितलंय, खाऊन तृप्त झाल्यावर परमेश्वराचा धन्यवाद कर. ताटं तशीच राहू द्या, कोणी उठायचं नाही, मोबाईल घ्यायचा नाही, प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं, लहान मुलांनी पण. लूक 17 मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परकं मानायचे त्यांच्यातला, ही गोष्ट मुलांना इथेच सांगा, लगेच कळते त्यांना.

आणि एक डबा बाजूला काढा. नहेम्या 8:10 मध्ये आनंदाच्या दिवशी ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटा पाठवा असं सांगितलंय. शाकाहारी पदार्थ निवडायचं हे पण एक कारण, शेजारी कोणीही असो, ईस्टरआधीचा आपला उपासकाळ (लेंट) असो, बिनधास्त देता येतो. डब्यात रस्सा जरा जास्त घाला, कारण गार झाला की मसूर पाणी ओढून घट्ट होतो, आणि गरम करून खा म्हणून सांगा.