नागपुरात हाय-फाय ऑडिओचं दुकान टाकायचंय? आधी खोली बघा, मग माल

बरेच जण विचारतात, भाऊ, नागपुरात चांगल्या ऑडिओचं दुकान चालेल का. चालेल, पण नुसते डबे विकले तर नाही, कारण तोच अँप्लिफायर ऑनलाइन त्याच भावात घरपोच येतो अन् कधी कधी स्वस्तही पडतो. निवांत बसून ऐकायला तेवढं ऑनलाइन मिळत नाही, तर पैसा तिथे लावा.

बर्डीच्या मेन रोडवरचा गाळा नको. भाडं जास्त, दिवसभर हॉर्न, वरून समोर पूर्ण काच. धरमपेठ नाहीतर रामदासपेठेत आतल्या गल्लीत वरच्या मजल्यावर खोली मिळाली तर उत्तम, हे गिऱ्हाईक रस्त्याने जाताजाता शिरत नाही, फोन करून येतं. खोली चौकोनी नको, लांबी-रुंदी सारखी असली की ठराविक बेस घुमतो अन् महागडा स्पीकरही बदनाम होतो. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा, टर्रर्र असं परत आलं तर समोरासमोरच्या भिंती मोकळ्या पडल्यात, तिथे रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या दगडी लोकरीचे) पॅनल, जाड पडदे, पुस्तकांचं कपाट काहीतरी लावा, खाली गालिचा टाका. दोन स्पीकर अन् बसायची खुर्ची यांच्यात साधारण सारखं अंतर ठेवायचं, स्पीकर भिंतीला चिकटवायचे नाहीत.

आता आपला उन्हाळा. मे मध्ये पारा ४५ पार करतो, त्यामुळे एलपी (टर्नटेबलवर वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्ड) ठेवणार असाल तर उभ्याच ठेवा, खिडकीपासून लांब, एकदा वाकली की गेली. अँप्लिफायर एकावर एक रचू नका, गरमीने आतले कपॅसिटर लवकर जातात. अन् डेमो रूममध्ये कूलर नको बाप्पा, ऐकणार काय त्या घरघरीत, एसीच लावा. वायरिंग करतानाच अर्थिंग नीट तपासून घ्या, नाहीतर फोनो (टर्नटेबल जोडायचं इनपुट) लावला की हम्म्म चालू.

माल कमी ठेवा. तीन बजेटचे तीन सेट जोडून तयार असले तरी सुरुवातीला पुरे. डीलरशिप घेताना डेमो पीसवर किती सूट, वॉरंटीचा माल न्यायचा-आणायचा खर्च कोणाचा, अन् विदर्भात त्यांचा दुसरा डीलर आहे का, हे लेखी घ्या. गिऱ्हाइकाला वॅटचे आकडे सांगत बसू नका, सेन्सिटिव्हिटी समजावा, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो (डीबीत मोजतात): ८८ ऐवजी ९१ डीबीचा स्पीकर असला तर तेवढ्याच आवाजाला अर्धी पॉवर लागते. गाणं त्यालाच आणायला सांगा. देशपांडे सभागृहात मैफिली ऐकणाऱ्या माणसाला तानपुरा कसा वाजतो हे तुमच्यापेक्षा जास्त कळतं, त्याच्यासमोर हजारो रुपयांच्या केबलचं कौतुक केलं तर तो परत येणार नाही (मला विचाराल तर त्या केबल ठेवूच नका).

रिपेअरिंगवाला मात्र पहिल्या दिवसापासून पाहिजे. जुने अँप्लिफायर, टर्नटेबल उघडणारे हात इतवारी-महालकडे शोधा अन् पैसे वेळेवर द्या. घरी जाऊन सेटिंग करून देण्याचे वेगळे पैसे घ्या, फुकट केलं की किंमत राहत नाही.

कागदपत्रं सोपी: २० पेक्षा कमी कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टची (दुकान नोंदणीच्या कायद्याची) फक्त ऑनलाइन सूचना, आणि जीएसटी नंबर. ब्लूटूथ स्पीकर, वायरलेस हेडफोन घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण बघूनच घ्या. उद्घाटन दसऱ्याला करा म्हणजे धनतेरसपर्यंत हात बसतो, उन्हाळ्यात तर दुपारी कोणी घराबाहेरच पडत नाही.